पोचल्याचा फोन

सर वर्गात आले की पहिलं काम दार उघडायचं करत. म्हणजे सगळे आत येऊन बसलेले असत, एसी लागलेला असे, हजेरीही झालेली असे. मग ते खुर्चीवरून उठत, लावलेलं दार पुन्हा सताड उघडत आणि बाजूला अदबीनं उभे राहत. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीही नसे. सर मात्र एकेकाला वाट करून दिल्यासारखे जरा जरा मागे सरकत, मान हलवत आणि शेवटी "प्लीज, टेक युअर सीट्स" म्हणून दार लावून घेत. नवे विद्यार्थी एकमेकांकडे बघत. जुने विद्यार्थी शेजारच्याला जागा द्यावी तसे खुर्चीत थोडे सरकून बसत, आणि मला तेच जास्त विचित्र वाटायचं.

हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मनात म्हटलं, यांचा एखादा स्क्रू ढिला दिसतोय. मी तेव्हा इन्स्टिट्यूटमध्ये नवीन होते. दुबईत ऊद मेथा भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचे इंग्रजी बोलायला शिकवण्याचे वर्ग चालत. खाली टायपिंग सेंटर आणि दातांचा दवाखाना. मुलगी शाळेत पूर्ण दिवस जायला लागली आणि घरी बसून मी नवऱ्याच्या डोक्याला ताप देऊ लागले, म्हणून त्यानंच ही नोकरी शोधून दिली. आमच्याकडे येणारी मंडळी साधी होती. रास अल खोरच्या गोदामांतले सुपरवायझर, दुकानांतले सेल्समन, परीक्षेला बसणाऱ्या नर्स, आणि आपलीच मुलं आपल्याला इंग्रजीत उत्तरं देतात म्हणून वैतागलेल्या आया.

मी व्याकरणापासून सुरुवात करणारी बाई. सर व्याकरणाला हात लावत नसत. त्यांचं म्हणणं असं की माणूस इंग्रजी बोलायला लाजत नाही, स्वतः बोलायला लाजतो. मग स्वतः बोलायचंच कशाला? इंग्रजी बोलणारा माणूस वेगळा असतो, त्याला आत घ्यायचं आणि बोलायचं काम त्याच्यावर सोपवायचं. म्हणून त्यांच्या वर्गात प्रत्येकाला एक 'दुसरा' असे. त्याला नाव द्यायचं, गाव द्यायचं, नोकरी द्यायची, तो सकाळी काय खातो ते ठरवायचं, आणि वर्ग संपेपर्यंत त्याच्या वतीनं बोलायचं. दार उघडायचं ते या मंडळींसाठी. वर्ग संपला की पुन्हा एकदा उघडायचं, त्यांना जाता यावं म्हणून.

ही पद्धत चालायची, हे मला कबूल केलंच पाहिजे. माझ्या वर्गात वर्षभर "मॅडम, आय ॲम हॅविंग वन डाउट" च्या पुढे न सरकलेला माणूस त्यांच्याकडे महिन्याभरात घडाघडा बोलू लागे. स्पेअर पार्टच्या गोदामातला एक जळगावचा सुपरवायझर होता. त्यानं आपल्या दुसऱ्याचं नाव मार्टिन ठेवलं होतं. मार्टिनला कॉफी लागायची, मार्टिनला गर्दीचा त्रास व्हायचा. एक दिवस त्याची बायको इन्स्टिट्यूटमध्ये आली. हे घरी चहा घेत नाहीत, टीव्हीचा आवाज सहन करत नाहीत, आणि काल मला विचारलं, तुम्ही इथे किती वर्षं राहता, असं ती सांगू लागली. आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं की परवा वर्ग सुटताना हे घाईत निघाले होते का. ती म्हणाली, हो, बस चुकेल म्हणून पळाले. सर म्हणाले, मग तसंच झालं असणार, दार उघडायच्या आधी गेले, मार्टिन त्यांच्याबरोबर घरी आला. पुढच्या वर्गानंतर त्यांनी त्या माणसाला दारात बराच वेळ उभं केलं. तो चहा घेऊ लागला म्हणे.

वर्गाबाहेरही त्यांचं हे चालूच असे. लिफ्टमध्ये सगळे आले तरी सर दाराला हात लावून क्षणभर थांबत. मी म्हणायचे, "सर, झाले सगळे." ते म्हणायचे, "हो का? बरं." ग्रुप फोटोत ते नेहमी कडेला उभे राहत आणि आपल्या पलीकडे एका माणसाची जागा सोडत. फोटोग्राफर हातानं खुणा करी, आत सरका. सर तसूभर हलत नसत. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर तसे चार-पाच फोटो आहेत, आणि ती मोकळी जागा एकदा लक्षात आली की दुसरं काही दिसत नाही.

बाकी माणूस सरळ. उंच, खांद्यात वाकलेला, बाहेर कितीही ऊन असो, अंगात पूर्ण बाह्यांचा रेघांचा शर्ट आणि वर्गात स्वेटर. लग्नाचं राहूनच गेलं होतं. करामा भागात एका फ्लॅटमधली एक खोली घेऊन राहत. घरी म्हणजे वाईला आई, आणि आईला सांभाळायला दिवसरात्र राहणारी शालन. सरांचा रोजचा फोन मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमधून व्हायचा, वाईच्या घरातल्या जुन्या लँडलाइनवर, आणि इतक्या मोठ्यानं की फोन नसता तरी वाईला ऐकू गेलं असतं. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, शालन कुठाय. मग शेवटी ठरलेलं वाक्य: "पुढच्या मेमध्ये येतो." ते मे मी बरेच पाहिले. कधी नवीन बॅच असे, कधी परीक्षेचे वर्ग, कधी कुणाच्या बदली उभं राहायचं. इथे आलेल्या माणसाचं घरी जाणं असंच पुढे सरकतं, त्यात सरांचं काही वेगळं नव्हतं. आईला तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं, एवढं मात्र त्यांच्या आवाजावरून कळायचं.

मग ते वर्ष आलं आणि विमानंच बंद झाली. ज्याला जायचं नव्हतं त्यालाही त्या दिवसांत घर आठवायला लागलं. इथे बाहेर पडायला परवानगी, तिकडे शिरायला परवानगी, आणि मध्ये समुद्र. आमचे वर्ग कॉम्प्युटरवर सुरू झाले. सरांची पंचाईत झाली, कारण स्क्रीनवर दार नसतं. त्यांनी आपल्या परीनं उपाय काढला. वर्ग सुरू झाला की ते आपल्या खोलीचं दार उघडून ठेवत आणि त्याच्याकडे पाठ करून बसत. विद्यार्थ्यांना सर दिसत आणि सरांच्या मागे उघडं दार आणि अंधारा पॅसेज. थोड्याच दिवसांत एका नर्सनं त्यांचा वर्ग सोडला आणि माझ्याकडे नाव घातलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, सरांच्या मागे कुणीतरी उभं असतं आणि सर वळून बघत नाहीत. मी म्हटलं, फ्लॅटमधला दुसरा भाडेकरू असेल. ती म्हणाली, असेल, पण त्याचा शर्टही तसाच असतो.

त्याच दिवसांत वाईला आई बाथरूममध्ये पडल्या. मोडलं काही नाही, पण अंथरुणाला खिळल्या आणि सारखा एकच धोशा, त्याला बोलवा. सरांची घालमेल बघवत नव्हती. अडकलेल्या लोकांसाठी खास विमानं सुटायला लागली तसं त्यांनी नाव घातलं, रोज फोन केले, आणि अखेर त्यांचा नंबर लागला. माझ्या नवऱ्यानं त्यांना एअरपोर्टवर सोडलं. मास्क, हातमोजे, बॅगेत आईसाठी खजूर आणि गुडघ्याला लावायचं तेल. शालनला फोन करून त्यांनी सांगितलं होतं, आईला सांग, आज निघतो, पोचतोच.

संध्याकाळी ते करामात परत आलेले होते.

काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. निर्बंध जरा सैल झाले होते, इन्स्टिट्यूटच्या मागच्या कॅफेटेरियाबाहेर करक चहाचे कागदी कप हातात घेऊन आम्ही लांब लांब उभे होतो. काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट घेतला, डोळे तपासले, स्क्रीनकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं. तरुण मुलगा होता, अतिशय सभ्य. म्हणाला, "सर, यू हॅव ऑलरेडी लेफ्ट. टुडे, इन द मॉर्निंग." सर म्हणाले, मी तर तुमच्यासमोर उभा आहे. त्यानं दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. त्यानंही स्क्रीन पाहिली आणि तेच सांगितलं. यांना बाजूला बसवलं, पाणी दिलं, चौकशी चालू राहिली आणि तेवढ्यात विमान सुटलं.

आमचा पीआरओ, म्हणजे ऑफिसची सरकारी कामं बघणारा केरळी माणूस, त्यानं आठवड्याभरात सगळं निस्तरलं. नामसाधर्म्याचा घोळ होता म्हणाला. "सिस्टिम का मिस्टेक, मॅडम. अभी खलास. सर कभी भी जा सकते हैं." आमच्या दृष्टीनं विषय संपला.

सरांच्या दृष्टीनं तो त्या संध्याकाळीच वेगळ्या वळणाला लागला होता. एअरपोर्टवरून परत येऊन त्यांनी वाईला फोन लावला, येणं जमलं नाही हे सांगायला. फोन आईनं स्वतः उचलला. पडल्यापासून ती उठून फोनपर्यंत आलेली नव्हती. सर म्हणाले, आई, मी बोलतोय. ती म्हणाली, कोण मी? मग म्हणाली, माझा मुलगा आलाय दुबईहून, अंघोळीला गेलाय, नंतर करा. आणि ठेवून दिला.

मी म्हटलं, अहो, दिवसभर शालननं सांगितलं असणार, आज येणार, आज येणार. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात येणार आणि आला यांची सरमिसळ होते. माझ्या सासऱ्यांचंही तसंच झालं होतं. सर म्हणाले, "हो, तेच असेल." मग कप कचऱ्याच्या डब्यात टाकून म्हणाले, "पण मॅडम, काउंटरवर त्या पोराची सरमिसळ कशी झाली?"

त्यानंतर विमानं सुरळीत सुरू झाली. लोक घरी गेले, लग्नं उरकून आले, वर्षं गेली. सर गेले नाहीत. ऑफिसात कुजबूज सुरू झाली की यांच्यावर कसली तरी केस आहे, ट्रॅव्हल बॅन आहे, म्हणून जात नाहीत. मी पीआरओला गाठून खरं काय ते बघायला लावलं. त्यानं येऊन सांगितलं, "कोई बॅन नहीं, मॅडम. रास्ता एकदम क्लिअर है." मग मी सरांना धरलं. माझा स्वभाव तोंडावर बोलायचा. म्हटलं, आई ब्याऐंशीला टेकली, आता नाही तर कधी जाणार? तुम्हाला अडवलंय कुणी?

ते म्हणाले, "कुणी नाही. पण तिथे एक आहे ना. आता दुसरा जाऊन काय करणार?"

आणि त्यांनी अगदी सहज, शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं, त्याच्याबद्दल सांगायला सुरुवात केली. आई हल्ली सरांना ओळखत नसे. रोज फोन करणारे कुणीतरी भले गृहस्थ आहेत अशी तिची समजूत होती, आणि ती त्यांना मुलाचं कौतुक सांगे. त्यानं आज नळाचा वायसर बदलला. त्यानं मला गणपतीच्या देवळात नेऊन आणलं. तो माझ्यावर ओरडत नाही, मी तेच तेच विचारलं तरी ओरडत नाही. सर म्हणाले, मी ओरडायचो मॅडम, फोनवरही ओरडायचो. नळाचं त्यांनी शालनला विचारलं होतं. ती म्हणाली, गळायचा थांबलाय खरा, मला वाटलं तुम्हीच कुणाला सांगून माणूस पाठवलात.

"मी गेलो तर त्याला निघावं लागेल," सर म्हणाले. "तिला माझ्यापेक्षा तो बरा आहे."

मला राग आला. भीतीही वाटली, आणि ती कशाची ते मला कळत होतं. इथे राहणाऱ्या प्रत्येकाचा एकजण घरी पोचलेला असतो. आईच्या आजारपणात उशाशी बसलेला, वडिलांना खांदा दिलेला. माझी आई गेली तेव्हा मीही पुण्यात होतेच, फक्त शरीर इथे सोफ्यावर होतं. पण आम्ही सगळे त्याला मनातच ठेवतो. सरांनी त्याला घरी राहायला पाठवलं होतं, आणि स्वतः इथे उरलेले होते.

त्या मेमध्ये आम्ही पुण्याला गेलो. मी सरांना म्हटलं, वाईला जाऊन येते, काय द्यायचंय ते द्या. त्यांनी बदाम दिले, तेलाची बाटली दिली, आणि थोडं घुटमळून म्हणाले, "त्याच्यासाठी काही नको. त्याला इथलं सगळं माहीत आहे."

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा साधा दोन खोल्यांचा ब्लॉक. आजी हॉलमध्ये खुर्चीत बसल्या होत्या, गोऱ्या, नीटनेटक्या, हसऱ्या. अंथरुणाला खिळलेली बाई काही दिसली नाही. मी दुबईहून आले म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरून बसवलं. "तो आत झोपलाय गं. रात्री उशिरापर्यंत शिकवत बसतो, इंग्रजीत. मला काही कळत नाही, पण आवाज बरा वाटतो." आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी काही उघडून बघितलं नाही. उघडायला काय झालं होतं, असं नवऱ्यानं नंतर विचारलं. मी त्याला म्हटलं, तू जाऊन उघड.

चहा करायला शालन उठली तशी मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. खिडकीबाहेरच्या दोरीवर रेघांचा शर्ट वाळत होता. शालन म्हणाली, दादांचा जुना शर्ट हाय, आज्जी रोज कपाटातनं काढून धुवायला टाकतात. मी म्हटलं, मग ठीकच आहे, त्यांच्या समाधानासाठी. शालननं गॅस बारीक केला आणि हळू आवाजात म्हणाली, "मी पण तसंच म्हणायची, ताई. न घातलेला कपडा कशापायी धुवायचा. पण कॉलर मळलेली असते."

मी ठरवूनच आले होते की या दोघांना समोरासमोर आणायचं. आजींना डोळ्यांनी दिसू दे की मुलगा तिकडे आहे, आणि सरांना दिसू दे की आईला त्यांची गरज आहे. दुबईत चालतं ते व्हिडिओचं ॲप माझ्या फोनवर होतंच. मी सरांना लावलं. ते खोलीत होते, पलंगाच्या कडेवर बसलेले. आजींच्या हातात फोन दिला. सर नुसतं "आई" म्हणाले.

आजींनी फोन जवळ घेतला, लांब धरला. बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "हे कोण गं?"

मी म्हटलं, "आजी, तुमचा मुलगा. दुबईहून बोलतोय."

त्या हसल्या. "तो आत नाही का? पण आहे हो अगदी त्याच्यासारखा." मग फोनकडे वळल्या. "काय रे बाळा, तिकडंच असतोस?"

"हो."

"बरीच वर्षं?"

"हो. बरीच."

"आई आहे का तुला?"

सरांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. त्यांच्या मागचं दार उघडं होतं, पण ते एकदाही वळले नाहीत. म्हणाले, "आहे."

"मग तिकडं काय करतोस एवढी वर्षं?" आजींचा आवाज अगदी मायेचा होता. "घरी जा. वाट बघत असेल ती."

सर म्हणाले, "जातो." आणि स्क्रीन काळी झाली. शालननं तोंडाला पदर लावला होता. मी बदाम टीपॉयवर ठेवले आणि चहा न घेताच निघाले, कारण माझ्याच्यानं तिथे बसवेना.

सरांनी राजीनामा दिला तो मी परत यायच्या आत. निरोपसमारंभाला नाही म्हणाले, फोटोलाही नाही म्हणाले. पुन्हा माझ्या नवऱ्यानंच त्यांना एअरपोर्टवर नेलं, या वेळी मीही बरोबर गेले. काचेपलीकडे रांगेत त्यांचा वाकलेला खांदा दिसेपर्यंत आम्ही थांबलो. काही अडचण आली नाही. थोड्या वेळानं त्यांचा मेसेज आला: "निघालो. या वेळी मीच." मी गाडीत बसून रडले. नवऱ्यानं एसी तेवढा वाढवला.

वाईहून त्यांचा फोन आला तो चौथ्या-पाचव्या दिवशी. आवाज खोल गेलेला होता. घरी पोचल्यावर दार शालननं उघडलं. आई हॉलमध्ये होत्या. त्यांनी विचारलं, कुणाकडे आलात? सर म्हणाले, तुमच्याकडेच. त्या म्हणाल्या, "मुलगा आज सकाळीच गेला हो दुबईला. चुकामूक झाली तुमची. बसा, चहा घ्या." आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपात चहा द्यायला लावला. आई आपल्याला अहो-जाहो करते, हे सरांनी दोनदा सांगितलं.

पण त्यांना सांगायचं होतं ते निराळंच होतं. आई जेवत नव्हती. मुलगा प्रवासाला निघाला आणि पोचल्याचा फोन आला नाही, मग घास कसा उतरायचा? आपल्याकडच्या सगळ्या आयांचं असतं तसंच. पोचलास की फोन कर, हे सांगून तिनं त्याला पाठवलं होतं म्हणे. शालननं हात जोडले, डॉक्टर येऊन गेले, दोन चमचे दुधापलीकडे काही जात नव्हतं. ती फोनशेजारची खुर्ची सोडायला तयार नव्हती.

"मॅडम, एक काम होतं," सर म्हणाले. "तुम्ही जरा तिकडे बघता का? करामात, इन्स्टिट्यूटमध्ये. तो परत आला असेल तर त्याला म्हणावं, आईला एक फोन कर."

मी वैतागलेच. एक बाई उपाशी मरतेय आणि हा माणूस मला दुबईत भूत शोधायला सांगतोय. म्हटलं, "अहो, तुमचा मोबाइल काय धूळ खातोय? आतल्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि हॉलमधला फोन वाजवा."

त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी तसंच केलं. भिंतीपलीकडे घंटा वाजलेली त्यांना दोन्हीकडून ऐकू आली. आईनं उचलल्यावर म्हणाले, "आई, पोचलो गं." ती रडली, रागावली, इतका उशीर का केलास म्हणाली. मग सांगितलं की इथे एक पाहुणे आलेत, बरे आहेत, पण जेवणात लक्ष नसतं त्यांचं. सरांनी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकून घेतलं. बाहेर आले तेव्हा ती शालनला ताट वाढायला सांगत होती. दोघांची ताटं शेजारी मांडली होती.

तेव्हापासून तो परिपाठच झाला. रोज संध्याकाळी पाहुणे "जरा पडतो" म्हणून आत जात, मुलाचा फोन येई, मग सगळे जेवायला बसत. दिवसभर आई पाहुण्यांना मुलाच्या गोष्टी सांगे. सर मला म्हणाले, उभ्या आयुष्यात ती माझ्याशी इतकं बोलली नव्हती, मीच तिला वेळ दिला नव्हता. आवाज पुष्कळ बरा झाला होता. मला वाटलं, चला, कसंही का होईना, माणूस घरी पोचला.

परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, काल बाजारात आईचं औषध आणायला गेलो आणि अडकलो, मोबाइलची बॅटरी संपली, फोन करायची वेळ टळून गेली. धावत घरी आले. आई उपाशी बसली असेल म्हणून जीव घाबरा झालेला. तर आई जेवून, तोंड धुऊन, सुपारी कातरत बसलेली. म्हणाली, आला बरं का त्याचा फोन. सरांना वाटलं, विसरली, कालचं आज सांगतेय. तेवढ्यात शालन आतून आली. फोन तिनंच उचलला होता. दादांचाच आवाज होता, तिला वाटलं बाजारातून करतायत.

"तुमच्या मिस्टरांनी वगैरे केला नाही ना?" सरांनी मला विचारलं.

माझ्या नवऱ्याला स्वतःच्या आईला फोन करायची आठवण मी देते. मी नाही म्हटलं. मग, विचारायचं नव्हतं तरी विचारलं, की तो काय म्हणाला.

"आईशी नेहमीसारखंच बोलला. गोळ्या घेतल्यास का वगैरे. मग ठेवायच्या आधी शालनला परत फोनवर बोलावलं. म्हणाला, पाहुण्यांना नीट वाढत जा. ते मागून घेणार नाहीत."